मानाच्या पायऱ्या

(स्मृतिव्याख्यानमालेत समारोपाचे पुष्प गुंफताना केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी हयातीत एकही जाहीर सत्कार घेतला नाही, असे संयोजकांनी निमंत्रण देताना मला सांगितले. तेव्हाच मी ठरवले की आज सन्मान या विषयावरच बोलायचे. सन्मान कोणी द्यायचा, कोणाला द्यायचा आणि कसा द्यायचा, हे प्रश्न वरवर साधे दिसतात. पण एखादा समाज कोणाला मान देतो आणि कोणत्या मापाने देतो, हे पाहिले की त्या समाजात कोणाची किंमत काय आहे ते कळते.

उदाहरण म्हणून मी ब्रिटनची सन्मानपद्धती घेतली आहे. इतकी जुनी, इतकी बारकाव्याने आखलेली आणि आजही दर सहा महिन्यांनी नव्याने चालणारी दुसरी पद्धती सापडणे कठीण. शिवाय या पद्धतीच्या सावलीत आपल्या पणजोबांची पिढी वाढली. सर, रावबहादूर, रावसाहेब, सी.आय.ई. ही अक्षरे एके काळी पुण्या-मुंबईच्या दारांवरच्या पाट्यांवर होती.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सन्मान देण्यात काहीही वावगे नाही. चांगल्या कामाची दखल घ्यावी, ही माणसाची चांगली प्रवृत्ती आहे. वावगे आहे ते सन्मानाच्या पायऱ्या करून त्या हुद्द्याप्रमाणे वाटण्यात. आणि ही गोष्ट ब्रिटनला स्वतःला १८५६ सालापासून ठाऊक आहे.

पाच वर्ग आणि एक पदक

आधी ही पद्धती कशी चालते ते पाहू. सन्मानांची यादी वर्षातून दोनदा निघते : एक १ जानेवारीच्या सुमारास, दुसरी जूनमध्ये, राजाच्या अधिकृत वाढदिवसाला. प्रत्येक यादीत हजाराहून अधिक नावे असतात. कोणीही नागरिक कोणाचेही नाव सुचवू शकतो. ही नावे मंत्रिमंडळ कार्यालयाकडे जातात. तिथे कला, क्रीडा, विज्ञान, आरोग्य, शिक्षण अशा विषयवार समित्या ती चाळतात. मग मुख्य समिती, मग पंतप्रधान, मग राजा. यादी जाहीर होण्यापूर्वी प्रत्येकाला गोपनीय पत्र जाते : हा सन्मान दिला तर आपण स्वीकाराल का? होकार आला तरच नाव ‘लंडन गॅझेट’मध्ये छापले जाते. नकाराची वाच्यता सरकार करत नाही.

या यादीतली बहुसंख्य नावे ज्या मानचिन्हाची असतात त्याचे नाव ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’. त्याचे पाच वर्ग आहेत. सर्वात वर ग्रँड क्रॉस. त्याखाली नाइट किंवा डेम कमांडर. या दोन वर्गांतल्या पुरुषाला ‘सर’ आणि स्त्रीला ‘डेम’ म्हणतात. त्याखाली कमांडर, म्हणजे सी.बी.ई. त्याखाली ऑफिसर, म्हणजे ओ.बी.ई. त्याखाली मेंबर, म्हणजे एम.बी.ई. आणि या पाचांच्याही खाली, त्या ‘ऑर्डर’च्या उंबऱ्याबाहेर, एक पदक आहे : ब्रिटिश एम्पायर मेडल, बी.ई.एम.

आता हे वर्ग डोळ्यांना कसे दिसतात ते पाहा. सी.बी.ई. मिळालेला पुरुष आपले मानचिन्ह गळ्यात घालतो. ओ.बी.ई. आणि एम.बी.ई.ची चिन्हे छातीवर डावीकडे लावतात. त्यातही ओ.बी.ई.चे चिन्ह सोनेरी, एम.बी.ई.चे रुपेरी. फीत सगळ्यांची एकच, गुलाबी रंगाची आणि करड्या काठांची. नाइटहुड घेणारा माणूस राजापुढे एका खास आसनावर उजवा गुडघा टेकतो आणि राजा तलवारीचे पाते आधी त्याच्या उजव्या, मग डाव्या खांद्याला लावतो. ओ.बी.ई. आणि एम.बी.ई.वाल्यांनाही राजवाड्यात बोलावणे असते. त्यांच्या छातीवर चिन्ह लावायला राजा किंवा राजघराण्यातली व्यक्ती असते.

बी.ई.एम.चे मात्र तसे नाही. ते पदक देण्यासाठी राजवाड्याचा तो समारंभ नाही. परगण्यातला राजाचा प्रतिनिधी, ज्याला लॉर्ड लेफ्टनंट म्हणतात, तो स्थानिक पातळीवर कार्यक्रम करून हे पदक देतो. पदक मिळालेल्यांना नंतर राजवाड्याच्या बागेतल्या मेजवानीचे निमंत्रण मिळते, पण तिथे इतर हजारो पाहुण्यांत ते एक असतात. आणि हे पदक मिळते कोणाला? शाळेच्या दारात उन्हापावसात उभे राहून मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईला. गावचे वाचनालय किंवा खेळाचे मैदान वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळणाऱ्या माणसाला. म्हणजे ज्याने कोणत्याही पदाशिवाय, कोणत्याही पगाराशिवाय काम केले, त्याच्या छातीवर पदक लावायला राजा नसतो. मोठ्या खात्याचा सचिव, मोठ्या बँकेचा प्रमुख यांच्यासाठी मात्र तो असतो. त्यांना त्या कामाचा पगार आधीच मिळालेला असतो.

आपल्याकडे लग्नात पहिल्या पंगतीला कोणाला बसवायचे आणि कोणाला तिसरीला, यावरून घराघरांत रुसवे होतात. पण तिथेही वाढले जाणारे अन्न एकच असते. इथे ताटही वेगळे, वाढणाराही वेगळा.

हे वर्ग आले कुठून?

हे पाच वर्ग मध्ययुगातले नाहीत. ब्रिटनची जुनी मानचिन्हे आहेत खरी. ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’ तिसऱ्या एडवर्डने १३४८ च्या सुमारास स्थापन केली. तिच्यात राजा आणि राजपुत्र सोडून चोवीसच सरदार असतात. ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ १७२५ ची, सेनाधिकारी आणि वरिष्ठ सनदी नोकरांसाठी. ‘ऑर्डर ऑफ सेंट मायकेल अँड सेंट जॉर्ज’ १८१८ ची, पुढे मुख्यतः परराष्ट्र आणि वसाहत खात्यांची. या सगळ्यांत सामान्य माणसाला जागाच नव्हती.

पहिल्या महायुद्धाने परिस्थिती बदलली. ते युद्ध नुसते सैन्याने लढले नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यांत, इस्पितळांत, रेल्वेत, शेतांत लाखो लोक राबत होते आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांना कोणत्या मानचिन्हाने गौरवायचे? म्हणून पाचव्या जॉर्जने जून १९१७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ स्थापन केली. हे पाऊल मोठे होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश देणारे, सरदार-अधिकाऱ्यांपलीकडे जाणारे हे पहिलेच मोठे मानचिन्ह होते. काही वर्षांतच हजारो लोकांना ते मिळाले.

पण दार उघडताना त्याच दारात जिने बांधले गेले. ज्या मजुराने स्फोट होत असताना कारखान्यातल्या सोबत्यांना वाचवले, त्याला पाच वर्गांपैकी एकही मिळायचा नाही. त्याच्यासाठी वेगळे पदक केले गेले. आजच्या बी.ई.एम.चे मूळ ते. कारखान्याचा मालक वर्गात आणि मजूर पदकात, ही वाटणी पहिल्याच दिवसापासून होती. लोकशाहीची वाट चालायला निघालेल्या देशाने जुना मानपान टाकून दिला नाही. तो नव्या यादीत नीट बसवून घेतला.

एकाच खंदकातले दोन शूर

सैन्यात तर ही विभागणी आणखी उघडी होती. महायुद्धात शौर्यासाठी १९१४ च्या अखेरीस ‘मिलिटरी क्रॉस’ आला. तो कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी होता. साध्या शिपायांसाठी १९१६ मध्ये ‘मिलिटरी मेडल’ आले. एकाच खंदकातून, एकाच रात्री, एकाच तोफखान्यावर चालून गेलेल्या दोघांपैकी लेफ्टनंटला चांदीचा क्रूस मिळायचा आणि शिपायाला चांदीचे गोल पदक. गोळीने दोघांमध्ये भेद केलेला नसायचा. भेद केला तो टाकसाळीने. ही पद्धत मोडायला १९९३ साल उजाडावे लागले.

आणि नेमका याच सैन्यात ब्रिटनचा सगळ्यात अभिमानास्पद सन्मान उभा आहे. क्रिमियन युद्धाच्या अखेरीस, १८५६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ सुरू केला. त्याच्या सनदेतच लिहून ठेवले आहे की हुद्दा, दीर्घ सेवा, जखमा किंवा इतर कोणतीही परिस्थिती विचारात घ्यायची नाही. बघायचे ते फक्त शत्रूसमोरचे शौर्य. क्रूस सोन्याचा नाही, चांदीचाही नाही. साध्या कांस्याचा आहे. त्याला वर्ग नाहीत. २६ जून १८५७ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये राणीने स्वतः ६२ जणांना तो लावला. त्यांत अधिकारी होते, खलाशी होते, साधे शिपाई होते. सर्वांना क्रूस तोच आणि लावणारा हातही तोच. आजवर तेराशेहून अधिक व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले आहेत आणि ब्रिटनमध्ये त्यावरचा कोणताही सन्मान मानला जात नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, बॉम्बवर्षावात धैर्य दाखवणाऱ्यांसाठी ‘जॉर्ज क्रॉस’ आला, तोही असाच बिनवर्गाचा.

समतेच्या या क्रूसातही एक भिंत होती. ती वंशाची. हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस १९११ पर्यंत मिळू शकत नव्हता. त्यांच्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ काढले होते आणि त्याचे तीन वर्ग होते. पहिला वर्ग मिळण्यासाठी आधी तिसरा, मग दुसरा मिळालेला असावा लागे. म्हणजे इंग्रज शिपायाचे एका क्षणाचे शौर्य पुरेसे होते, हिंदी शिपायाने मात्र तीनदा मृत्यूसमोर उभे राहायचे. १९११ च्या दिल्ली दरबारात ही बंदी उठली आणि १९१४ मध्ये खुदादाद खान हे बेल्जियममधल्या लढाईसाठी हा सन्मान मिळवणारे पहिले हिंदी सैनिक ठरले.

त्यानंतरची दोन नावे आपल्या मातीतली आहेत. त्या वेळच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी होऊन पडला. उरले एकटे घाडगे. ते थांबले नाहीत. सरळ त्या मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे बावीस. दुसरे नामदेव जाधव, त्या वेळच्या नगर जिल्ह्यातले, त्याच रेजिमेंटचे शिपाई. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून जखमी सोबत्यांना उचलून आणले आणि मग एकट्याने शत्रूची ठाणी मोडून काढली. एक नाईक, एक शिपाई. दोघांनाही मिळाला तो तोच कांस्य क्रूस, जो एखाद्या इंग्रज कर्नलला मिळतो.

याचा अर्थ सरळ आहे. वर्ग न पाडता सन्मान देणे अशक्य आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याला व्हिक्टोरिया क्रॉसकडे बोट दाखवून उत्तर द्यावे.

विकले गेलेले मान

पायऱ्या आल्या की पायऱ्यांचे भावही ठरतात. पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये ‘बॅरोनेट’ ही वंशपरंपरागत पदवी काढली आणि तिचा दर लावला १,०९५ पौंड. अल्स्टरमधल्या तीस सैनिकांचा तीन वर्षांचा खर्च, असा त्याचा हिशेब होता. तिथे निदान व्यवहार उघड होता.

विसाव्या शतकात तो चोरीचा झाला. लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना पक्षनिधीच्या बदल्यात पदव्या मिळतात, ही उघड गोष्ट झाली. माँडी ग्रेगरी नावाचा दलाल त्यात पुढे होता. नाइटहुडचा भाव दहा हजार पौंडांच्या आसपास, त्यावरच्या पदव्यांचा त्याहून चढा. १९२२ च्या यादीवरून एवढा गदारोळ झाला की चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावे लागले आणि १९२५ मध्ये सन्मानांच्या गैरव्यवहाराला आळा घालणारा कायदा झाला. त्या कायद्याखाली शिक्षा झाली ती एकट्या ग्रेगरीला, १९३३ मध्ये : दोन महिन्यांची कैद आणि ५० पौंड दंड. विकणारे राजकारणी आणि विकत घेणारे धनिक सुटले. दलाल तेवढा गेला.

हा भ्रष्टाचार पद्धतीवर बाहेरून पडलेला डाग आहे, असे मला वाटत नाही. व्हिक्टोरिया क्रॉस कोणाला पैसे घेऊन बहाल केला, असे कधी ऐकिवात आले नाही. जो सन्मान एका विशिष्ट कृतीला बांधलेला असतो, तो विकता येत नाही. जो माणसाच्या समाजातल्या स्थानाला बांधलेला असतो, तो विकत मिळतो, कारण समाजातले स्थानही अनेकदा विकतच मिळते.

पाट्यांवरची अक्षरे

आता थोडे आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानासाठी इंग्रजांनी वेगळा जिना बांधला. १८६१ मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’, मुख्यतः संस्थानिक आणि बड्या अधिकाऱ्यांसाठी. १८७८ मध्ये ‘इंडियन एम्पायर’, त्याहून खालच्या मानाचे. आणि या दोन्हींच्या खाली देशी किताब : दिवाणबहादूर, रावबहादूर, रावसाहेब. मुसलमान आणि पारशी असेल तर खानबहादूर, शीख असेल तर सरदारबहादूर, उत्तरेतला हिंदू असेल तर रायबहादूर. म्हणजे हुद्द्याची पायरी होतीच, शिवाय धर्माची आणि प्रांताचीही.

मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय हे १८४२ मध्ये नाइट झालेले पहिले हिंदी आणि १८५७ मध्ये पहिले हिंदी बॅरोनेट. त्यांची पदवी वंशात चालू राहावी म्हणून खास कायदा झाला आणि गादीवर येणाऱ्या प्रत्येक वारसाने स्वतःचे नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचे ठरले. न्यायमूर्ती रानडे सी.आय.ई., म्हणजे ‘इंडियन एम्पायर’चे कंपॅनियन, होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आधी सी.आय.ई. आणि १९११ मध्ये के.सी.आय.ई., म्हणजे ‘सर’ झाले. गोपाळ कृष्ण गोखल्यांना १९०४ मध्ये सी.आय.ई. मिळाले. १९१४ मध्ये के.सी.आय.ई. देऊ केले तेव्हा त्यांनी नाकारले. पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये ‘कैसर-ए-हिंद’ पदक मिळाले. या माणसांचे काम खरे होते आणि त्यातल्या कोणी सन्मान स्वीकारला म्हणून त्यांना कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण रानडे खालच्या पायरीवर आणि भांडारकर वरच्या, हे माप आज कोणाच्या लक्षात आहे? लक्षात राहिले ते काम. पायऱ्या विरून गेल्या.

१९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर रवींद्रनाथ टागोरांनी १९१५ साली मिळालेली ‘सर’ ही पदवी परत केली. व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कारण दिले ते माझ्या आजच्या विषयाच्या गाभ्याला भिडणारे आहे : माझे देशबांधव माणुसकीला न शोभणारा अपमान सोसत असताना मला वेगळ्या, मानाच्या जागी उभे राहायचे नाही, मला त्यांच्या शेजारी उभे राहायचे आहे, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी गांधीजींनी आपले कैसर-ए-हिंद पदक परत केले आणि किताब सोडणे हा असहकाराच्या कार्यक्रमाचा भाग झाला.

त्याच काळाच्या पोटात दुसरी एक सन्मानपद्धती आपल्याकडे रुजत होती. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी भागातल्या सभेत कष्टकरी लोकांनी जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ म्हटले. टिळकांना ‘लोकमान्य’ म्हटले तेही लोकांनीच. या सन्मानांना गॅझेट नव्हते, वर्ग नव्हते, फीत नव्हती. रावबहादूर कोण कोण होऊन गेले ते शोधायला जुनी दप्तरे काढावी लागतात. महात्मा फुले म्हणजे कोण, हे कोणाला सांगावे लागत नाही.

नकार आणि सुधारणा

ब्रिटनमध्येही या पद्धतीला नकार देणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. मायकेल फॅरडेने नाइटहुड घेतले नाही. चित्रकार एल. एस. लॉरी यांनी पाच वेळा सन्मान नाकारले. डेव्हिड बोवीने २००० मध्ये सी.बी.ई. आणि २००३ मध्ये नाइटहुड नाकारले. कवी बेंजामिन झेफनाया यांनी २००३ मध्ये ओ.बी.ई. जाहीरपणे नाकारले. साम्राज्य म्हटले की मला माझ्या पूर्वजांची गुलामगिरी आठवते, असे त्यांचे म्हणणे. जॉन लेननने घेतलेले एम.बी.ई. १९६९ मध्ये राजवाड्याला परत पाठवले.

सुधारणेचे प्रयत्नही झाले. जॉन मेजर हे पंतप्रधान स्वतः सामान्य घरातून आलेले. त्यांनी १९९३ मध्ये सैन्यातला क्रूस आणि पदक हा भेद काढला, सामान्य नागरिकांना नावे सुचवण्याचे दार उघडले आणि बी.ई.एम. बंद करून त्या लोकांना एम.बी.ई. देण्याचे ठरवले. २००४ मध्ये संसदेच्या समितीने आणखी पुढे जाऊन शिफारस केली : ‘सर’ आणि ‘डेम’ ही संबोधने क्रमाक्रमाने बंद करा आणि ‘साम्राज्य’ हा शब्द काढा. शिफारस फायलीत राहिली. आणि २०१२ मध्ये डेव्हिड कॅमेरून यांनी बी.ई.एम. पुन्हा सुरू केले. अधिक सामान्य लोकांचा गौरव व्हावा, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. तो खरा मानला तरी प्रश्न उरतो : अधिक लोकांना गौरवायचे होते तर अधिक एम.बी.ई. का नाही दिले? तळाशी नवी पायरी बांधल्याशिवाय तळातल्या माणसाचा सन्मान होत नाही, असे का वाटावे?

अजूनही उच्च न्यायालयाचा न्यायाधीश नेमला गेला की प्रथेने त्याला ‘सर’ किंवा तिला ‘डेम’ करतात. नाइटची बायको ‘लेडी’ होते. डेमच्या नवऱ्याला काही मिळत नाही. स्त्रीला मान मिळतो तो नवऱ्यामुळे, ही जुनी समजूत यात अजून शाबूत आहे.

टपाल कचेरीचा धडा

या सगळ्याचा अर्थ एका अलीकडच्या प्रकरणात जितका उघड झाला, तितका दुसरीकडे कुठे झाला नसेल. ब्रिटनमध्ये गावोगावची टपाल कार्यालये कंत्राटी उपडाकपाल चालवतात. बहुतेक वेळा किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात, नवरा-बायको मिळून. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबे पुष्कळ. त्यांना ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली दिली गेली. ती सदोष होती. नसलेली तूट ती हिशेबात दाखवत असे. टपाल कंपनीने संगणकावर विश्वास ठेवला आणि माणसांवर चोरीचे खटले भरले. १९९९ पासून सोळा-सतरा वर्षांत नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरवले गेले. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रा या उपडाकपाल बाई गरोदर असताना २०१० मध्ये तुरुंगात गेल्या.

वेल्समधल्या लँडडनो गावचे ॲलन बेट्स यांनी तूट मान्य करायला नकार दिला आणि २००३ मध्ये आपले टपाल कार्यालय गमावले. पुढची वीस वर्षे ते लढत राहिले. अखेर ५५५ उपडाकपालांनी मिळून उच्च न्यायालयात दावा लावला. तो दावा चालू असतानाच २०१९ च्या नववर्ष यादीत टपाल कंपनीच्या मुख्य कार्यकारी पॉला व्हेनेल्स यांना सी.बी.ई. जाहीर झाला. टपाल सेवेतल्या कामगिरीबद्दल.

पुढे न्यायालयाने संगणकप्रणालीचे दोष मान्य केले, शिक्षा रद्द होऊ लागल्या. २०२३ मध्ये बेट्स यांना ओ.बी.ई. देऊ केले गेले. त्यांनी ते नाकारले. व्हेनेल्स यांच्याकडे सी.बी.ई. असताना मी हे घेणे म्हणजे माझ्या सोबत्यांचा अपमान, असे त्यांनी सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवर या प्रकरणावरची मालिका दाखवली गेली, दहा लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या आणि मग व्हेनेल्स यांचा सन्मान काढून घेतला गेला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बेट्स ‘सर’ झाले आणि २०२५ च्या नववर्ष यादीत सीमा मिश्रा यांच्यासह चार उपडाकपालांना ओ.बी.ई. मिळाले.

श्रोतेहो, यात एक बारीकसे माप आहे, त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ज्या कंपनीने अन्याय केला तिच्या प्रमुखाला आधी मिळाला सी.बी.ई. ज्यांनी तो अन्याय सोसून उजेडात आणला त्यांना देऊ केला तो ओ.बी.ई., एक पायरी खालचा. चूक उमगल्यानंतरसुद्धा माप तेच राहिले. कोणी मुद्दाम अपमान करायला बसले नव्हते. समितीसमोर नाव येते तेव्हा त्यामागचा हुद्दा आधी दिसतो आणि पायरी त्या हुद्द्यावरून ठरते. बेट्स यांना नंतर जी वरची पायरी मिळाली ती लोकांच्या संतापाने मिळवून दिली. संतापाची लाट येईपर्यंत थांबावे लागणे, हेच या पद्धतीचे अपयश आहे.

मग सन्मानाला प्रतवारी नकोच का?

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. सगळ्यांचे काम सारखे नसते. एकाने रोगावर औषध शोधले, दुसऱ्याने गावचे वाचनालय चालवले. दोघांना एकच सन्मान कसा द्यायचा?

माझे उत्तर असे : राज्यसंस्थेने हे वजन करायलाच जाऊ नये. औषधाचे महत्त्व इतिहास ठरवील, विद्यापीठे ठरवतील. राज्याने एवढेच सांगावे की या माणसाने आपल्या वाट्याला आलेल्यापेक्षा अधिक केले. ब्रिटनमध्येच ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ आहे, १९०२ पासून. तिला एकच वर्ग आणि तिच्यामुळे ‘सर’ म्हणवून घेता येत नाही. १९०७ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल या तिच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. तिची प्रतिष्ठा नाइटहुडपेक्षा कमी आहे असे कोणी म्हणत नाही.

आता आपल्या घरात डोकावून हे भाषण संपवतो. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने राज्याने पदव्या देणे बंद केले. सैनिकी आणि विद्याविषयक पदव्या तेवढ्या ठेवल्या. रावबहादूर, रावसाहेब गेले. पण १९५४ मध्ये नागरी सन्मान सुरू झाले तेव्हा पद्मविभूषणाचे पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग असे भाग होते. पुढच्याच वर्षी वर्गांची नावे बदलून पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री अशी झाली. नावे गोड झाली, पायऱ्या तीनच राहिल्या. १९७७ मध्ये जनता सरकारने हे सन्मान बंद केले, १९८० मध्ये ते परत आले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत, म्हणून ते घटनेत बसतात. पण त्यामुळेच ते कोणी नावाच्या आधी किंवा नंतर लावू नयेत. लावले तर ते काढून घेता येतील.

आज आपल्या निमंत्रणपत्रिका पाहा, सत्कारसमारंभांचे फलक पाहा. नावाआधी ‘पद्मश्री’ सर्रास छापलेले असते. पुष्कळदा सन्मान मिळालेल्या माणसाला ते नको असते, आयोजकच मोठेपणासाठी छापतात. पाटीवरचा रावबहादूर आपण घटनेने उतरवला आणि त्याच जागी दुसरी पाटी स्वतःच्या हाताने ठोकली.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. इथे बसलेल्यांपैकी अनेक जण संस्था चालवतात, कार्यक्रम करतात. पुढच्या वेळी पत्रिका छापाल तेव्हा पाहुण्यांचे नुसते नाव छापा आणि त्यांनी काय काम केले ते दोन ओळींत लिहा. आणि तुमच्या गावात ज्याने पद नसताना, पगार नसताना काम केले आहे अशा माणसाचा सन्मान करायचा झाला, तर त्याला व्यासपीठाच्या कडेला उभे करू नका. आमदार-खासदारांसाठी जी खुर्ची मांडता तीच त्याला द्या, शालही तीच द्या, आणि ती त्याच हातांनी घाला.